दोन स्टुलांचा तंबू

नाताळाला अमेरिकेहून आलेल्या दिराने, नॅथनने, सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. दीनासाठी पर्स होती आणि तिच्या नवऱ्यासाठी, गिदोन मास्तरांसाठी, सुपाएवढी गोल पिशवी. अंगणात तिची चेन उघडली तसा आतून फट्‌कन तंबूच उभा राहिला. बाहेरून वाळल्या गवताच्या रंगाचा, आतून काळाकुट्ट, चारी बाजूंनी चेनच्या खिडक्या.

"तिकडं यात बसून धनुष्यबाणानं हरणं मारतात," नॅथन म्हणाला. "आतला माणूस त्यांना दिसतच नाही."

"इथं काळविटाला हात लावला तर सरळ तुरुंग," गिदोन हसून म्हणाला. "मी आपला फोटो काढीन."

कर्जतच्या बाजूला त्यांचं थोडं पडीक रान होतं. माळाला लागूनच. काळवीट तिथे रोज चरायला यायचे आणि माणूस दिसला की उधळायचे. गिदोनने तंबू बोरीच्या झुडपाला टेकवून ठोकला, वर फांद्या टाकल्या आणि कळपाला सवय व्हावी म्हणून आठवडाभर तसाच राहू दिला. मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो तिकडेच जाऊ लागला.

इथवर दीनाचं काही म्हणणं नव्हतं. पण तंबूत दोन स्टुलं मावत होती, आणि दुसऱ्या स्टुलावर स्टेला बसत होती.

स्टेला शाळेतली विज्ञानाची नवी बाई. श्रीरामपूरकडची, उंच, सडपातळ, अजून लग्न व्हायचं होतं. तिच्याकडे चांगला कॅमेरा होता आणि गिदोनला तो चालवायला ती शिकवत होती. घरी 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारा गिदोन तिच्याशी फोनवर 'आहे' आणि 'नाही' बोलायचा. दीना चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि तिची भाकरी करपायची.

एकदा शेजारच्या लंकाबाईने भिंतीवरून विचारलंच, "दीनाबाई, मास्तर आन् ती बाई त्या तंबूत दिसभर काय वं करत्यात?"

"हरणं बघत्यात."

"हरणं व्हय!" लंकाबाई म्हणाली आणि पुढं काहीच बोलली नाही. ते न बोलणंच दीनाच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढे वादळी वाऱ्याने खुंट्या उपटल्या म्हणून गिदोनने तंबू घरी आणून अंगणात उघडाच ठेवला. तो शाळेत गेल्यावर दीनाने आत डोकं घातलं. मातीचा वास होता, घामाचा होता, आणि कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा. हे तेल तिच्या घरातलं नव्हतं. ती तशीच उठली. मोगऱ्याच्या वासाची धुण्याची पावडर होती, ती मूठभर घेऊन तिने तंबू घासला, बडवला आणि दोरीवर टाकला. गल्लीभर घमघमाट सुटला. वाळल्यावर मात्र तो काही केल्या मिटेना. एक कड दाबावी तर दुसरी थोबाडीत बसे.

गिदोन घरी आला. त्याने मुकाट्याने तंबूला पीळ देऊन गोल मिटवला, मग स्वतःच्या तळव्यांचा वास घेतला.

"धुतलास व्हय?"

"लई मळला हुता."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर काळवीट फिरकेनात. लांबूनच मान उंच करायचे, नाक वर करून वारा घ्यायचे आणि कळपच्या कळप वळून जायचा. गिदोनचं जेवण कमी झालं. दीनाला पहिले काही दिवस मनातून गोड वाटलं. पण नवरा तंबू रोज माळावर उन्हात टाकायला लागला, गवताने घासायला लागला, आणि त्या कामालाही स्टेलाच बरोबर असायची. म्हणजे शनिवारचं दुखणं आता रोजचं झालं.

एका संध्याकाळी स्टेला गिदोनचा चार्जर द्यायला घरी आली.

"ताई, सरांनी उगाच धुवायला लावला तुम्हाला," ती म्हणाली. "मी रागावलेय त्यांना. महिना गेला, तेव्हा कुठे आता वास उतरलाय."

दीना बघतच राहिली. नवऱ्याने तिचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला होता. बायकोला त्याचा एक शब्दही सांगितला नव्हता आणि या बाईला सगळं सांगून बसला होता! बरं वाटायच्या ऐवजी तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"येत्या शनिवारी मी जानार हाय," ती म्हणाली.

"तिघं नाही मावत, ताई."

"मंग तुमी ऱ्हावा घरी."

स्टेलाचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा आणि एक काळा कुर्ता पाठवून दिला. आत काळंच घालावं लागतं, नाहीतर अंधारात माणूस उठून दिसतो. दीनाकडे काळं काही नव्हतं. तो कुर्ता तिला दंडात काचत होता, तरी तिने तो घातला.

शनिवारी तंबूत शिरल्यावर गिदोनने पाठीमागच्या खिडक्यांच्या चेन ओढून घेतल्या आणि पुढची एक चार बोटं उघडी ठेवली. आत भट्टी होती. गुडघ्याला गुडघा लागत होता. दीनाने "किती येळ?" म्हणायला तोंड उघडलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. घरात ती गप्प बसली की हा माणूस पेपर उघडायचा. इथे मात्र तिच्याशेजारी गप्प बसून होता आणि त्याला काही म्हणजे काही कमी पडत नव्हतं. हीच शांतता तो इतके शनिवार त्या बाईबरोबर वाटून घेत होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

उन्हं कलली तशा आधी माद्या आल्या, तांबूस, बुजऱ्या. मग तो आला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना पीळ. नाक आभाळाकडे आणि शिंगं पाठीला टेकवून तो माद्यांपुढून असा चालला की जणू गावची पाटीलकी त्याचीच. चालत चालत तो तंबूच्या इतका जवळ आला की त्याच्या नाकपुड्यांचा आवाज ऐकू आला.  गिदोनने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि गच्च दाबला.

तिला भरून आलं. आणि त्याच क्षणी मनात दुसरंच आलं.

परतताना पायवाटेवर तिने विचारलं, "त्या बाईच्या गुडघ्यावरबी असाच हात ठेवता व्हय?"

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाला, "एकदा ठेवला. असंच जनावर जवळ आलं हुतं तवा. तिनं उचलून बाजूला केला. म्हनली, सर, परत नको."

"आन् मंग?"

"मंग कुठं काय? परत न्हाई ठेवला. लाज वाटली."

दीना पुढे निघून गेली. रात्री तिने ताट वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. इतके दिवस जो संशय धरून बसली होती, तो अर्धा खरा निघाला होता, आणि ज्या बाईला तिने मनातल्या मनात शिव्याशाप दिले ती स्वच्छ निघाली होती. राग कुणावर काढायचा हेच तिला समजेना. नवऱ्यावर काढला, दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी ती स्टेलाच्या खोलीवर गेली.

"त्यांनी हात ठेवला, तरी तू जात राह्यलीस?"

स्टेलाचा चेहरा लाल झाला. पण नजर तिने खाली केली नाही. "ताई, तेवढ्यासाठी काळवीट सोडायचं का? मी माझं स्टूल बाजूला सरकवलं."

 दीनाने परत करायला आणलेला घडीबंद कुर्ता टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "शनिवारी आपन दोघी जाऊ," ती म्हणाली. "मास्तर घरी बसतील. त्यांनाबी कळू द्या भाकरी कशी करपती."

शनिवारी गिदोनने तंबू ठोकून दिला, खुंट्या तपासल्या आणि घराकडे निघाला. जाताना दोनदा वळून पाहिलं. आत स्टेलाने कॅमेरा दीनाच्या हातात दिला, तिचं बोट नेमकं बटणावर नेऊन ठेवलं. लांबसडक, निवांत बोटं होती तिची. याच हाताने माझ्या नवऱ्याचा हात उचलून बाजूला ठेवला, दीनाला वाटलं, आणि मला इतक्या वर्षांत रागाने एकदाही तो बाजूला करता आला नाही. मत्सर गेला नव्हता. नवऱ्याशेजारच्या स्टुलावरून तो आता या बाईच्या हातावर सरकला होता, एवढंच.

"हलू नका," स्टेला पुटपुटली. माळावर माद्या दिसू लागल्या होत्या.