बुधवारचं अंडं

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणजे म्हातारी नाही हं. पत्रा अजून खणखणीत आहे.

ब्रह्मपुरीच्या प्रफुल पेंटरने मला रंगवलं. डाव्या बाजूला पक्क्या ऑईलपेंटने शाळेचा सहा दिवसांचा आहार लिहिला, उजवी बाजू काळी ठेवली. 'बुधवार : उकडलेलं अंडं' ही ओळ इतकी ठसठशीत काढली की वाचूनच ढेकर यावी. जीपच्या टपावर बसून मी गावच्या शाळेत आले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षं झाली, अंडं काही आलं नाही. गुणवंतराव सर म्हणायचे, रस्ता खराब आहे, येता येता फुटतात. स्वयंपाकीण कमळाबाई जे येईल ते शिजवायची. आणि मी दर बुधवारी तोंड वर करून खोटं बोलायचे. पत्र्यालाही लाज वाटते, मित्रांनो. लोक तिला गंज म्हणतात.

मग आठवीतल्या साक्षीच्या हाती खडू लागला. ताटात जे आलं ते ती रोज माझ्या काळ्या बाजूवर काढू लागली. सोमवारी खिचडीचा डोंगर आणि त्यावर तीन वाटाणे. तीनच, कारण तेवढेच आले होते. मला भारी गुदगुल्या व्हायच्या, पण मी हलले नाही. बुधवारी तिने नुसता एक लांबट गोल काढला.

सर खूश. अंडं सुरेख काढलंस म्हणाले, मोबाइलवर फोटो घेतला आणि माझ्यासमोरच भरलेल्या पालकसभेत सगळ्यांना दाखवला.

साक्षीची आई रुखमाबाई उठली. "काऊन व पोरी, शाळेत अंडं भेटते अन् तू मले सांगत नाई?"

"थे अंडं नोहे मा," साक्षी म्हणाली, "शून्य होय."

सरांनी फोटो उलटा धरून पाहिला, शून्यच दिसलं. आधी कमळाबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना.

रुखमाबाई तेवढी हसली नाही. तिची धाकटी नीलिमा चौथीत होती आणि वजनकाट्यावर गेल्या वर्षाएवढीच भरली होती. रुखमाबाई म्हणाली, रस्त्यात फुटत असतील तर गावातल्या कोंबड्यांची घ्या, त्यांना रस्ता लागत नाही. तिथल्या तिथे ठराव झाला, सरांनी अर्ज लिहिला, सह्या-अंगठे पडले. महिन्याभराने मंजुरी आली.

त्या बुधवारी टोपलीत, भाताच्या तणशीवर बसून अंडी आली. नीलिमाने आपलं अंडं अख्खंच तोंडात कोंबलं आणि गाल फुगवून बसली. साक्षी खडू घेऊन माझ्यासमोर आली आणि अडली. अंडं काढावं, तर पुन्हा शून्यच दिसणार. शेवटी तिने नीलिमाचे गाल काढले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण भिंतीवर असेल. तिची धूळ पुसत जा. आणि जेवायला बसताना एकदा तिच्याकडे बघा, एकदा ताटाकडे. फरक दिसला, तर खडू उचला.