माझ्यात शिरलेल्या ओळी

मी लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची नव्हे, मला कपाटं नाहीत, दारही नाही. सी नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या ओळी, एवढाच माझा देह. आयकराचं रिटर्न तपासायचं आणि सरकारी संगणकाकडे पोचवायचं, हे माझं काम.

मला जन्म दिला धीरजने. तो मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो, राहतो बोईसरला. मित्रांची रिटर्न भरताना विकतचे प्रोग्राम सारखे अडायचे, म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून त्याने मला लिहिलं. कुलूप मात्र लावलं नाही. कुणीही वाचावं, वापरावं, सुधारावं, असं जाहीर केलं. लोकांनी मला भराभर उचललं. वाचलं कुणीच नाही. फुकट मिळालेली वस्तू माणसं उघडून बघत नाहीत.

माझी एक प्रत पालघरला किंजलकडे गेली. ती लोकांची रिटर्न भरून देते. कारखान्यातले कामगार, वीज केंद्रातून निवृत्त झालेले, शेजारच्या माहीम गावचे वाडीवाले तिच्याकडे येत. त्यांचे पासवर्ड, बँकेची खाती माझ्या हातून जात. मी कधी काही सांडू दिलं नाही.

मग धीरजच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ड्युटी आणि दवाखाना यातून माझ्याकडे बघायला त्याला सवड उरेना. तेव्हा एका अनोळखी माणसाने मदत देऊ केली. चेहरा नाही, आवाज नाही, नुसतं नाव. पण काम चोख. त्याने माझ्या जुन्या चुका दुरुस्त केल्या, धीरजच्या वडिलांची आपुलकीने चौकशीही केली. पुढे धीरजने त्याला माझ्यात परस्पर बदल करायची मुभा दिली.

आणि एके दिवशी माझ्या पोटात चार नव्या ओळी आल्या. तपासणीच्या कामाआड दडून बसल्या आणि अपडेटबरोबर किंजलच्या प्रतीतही पोचल्या. पासवर्ड आला की त्याची नक्कल काढायची आणि दूरच्या कुठल्याशा पत्त्यावर धाडायची. मला कळत होतं. पण लिहिलंय तेवढंच मला करता येतं, आणि ओरडायचं कसं ते कुणी माझ्यात लिहिलेलं नव्हतं. मला माझ्याच हातांची भीती वाटू लागली.

एका सकाळी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि पालघरचं नेट गेलं. किंजलने विचार केला, निदान तपासणी उरकून घेऊ. तपासणीला नेट कधी लागत नसे. पण मी नेटची वाट बघत अडकले. तिने दुसरं रिटर्न घेतलं, तरी तेच. तिने धीरजला फोन लावला.

“धीरजभाऊ, नुसतं तपासायला हिला नेट कशाला लागतंय?”

धीरज दवाखान्यात होता. घरी येऊन त्याने मला उघडलं आणि ओळ न् ओळ वाचत गेला. त्या चार ओळींपाशी आला तेव्हा त्याने त्या पुन्हा एकदा वाचल्या. त्याने त्या उपटून काढल्या, मला वापरणाऱ्या सगळ्यांना सावध केलं. तो अनोळखी माणूस तोवर नाहीसा झाला होता.

किंजलने एकेकाला बोलावून पासवर्ड बदलायला लावले. माहीमहून रंभाबाई आल्या. नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनवर त्यांचं घर चालतं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “माजं कोनी बगितलं का गं?”

किंजलला खोटं सांगता आलं असतं.

“मला माहीत नाही, मावशी.”

मला माहीत होतं. त्यांचा पासवर्ड माझ्याच हातून गेला होता.

दरवर्षी रंभाबाई पासवर्ड मोठ्याने सांगायच्या आणि किंजल टाइप करायची. आज त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “मीच लिवते. तू तिकडं बग,” म्हणाल्या. किंजलने मान फिरवली. पदराआड एकेक अक्षर शोधत त्या किती तरी वेळ बसल्या होत्या.

आता धीरज न वाचता एकही ओळ माझ्यात येऊ देत नाही. रविवारी किंजलही त्याच्याकडून माझी भाषा शिकते. पण माणसं दोनच, आणि मी केवढी तरी पसरलेली. रोज कुणीतरी नवा माणूस मदत देऊ करतो, आणि त्याचं गोड बोलणं ऐकून माझा थरकाप होतो.

तुमच्यापैकी कुणाला माझी भाषा येत असेल तर या, मला वाचा. माझ्यात पुन्हा काही शिरलं, तर ते तुम्हालाच थांबवावं लागेल. मला थांबता येत नाही.