राउटरमधली नावं

सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याचं भांडार सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर घर ताब्यात घेतलं. डब्यांवर लेबलं, किल्ल्यांवर लेबलं, छत्र्यांच्या दांड्यांवरसुद्धा लेबलं. नावाविना राहिली होती ती एकटी सून. सहा वर्षांत त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "जरा इकडे", "ऐकलं का", नाहीतर नुसतं खाकरणं. खाकरण्याचे प्रकार तीन, चहा, चष्मा आणि दार, आणि सुनेला तिन्ही पाठ.

सून घरूनच शिकवण्या घ्यायची आणि दर दहा मिनिटांनी पडद्यावर तिचा चेहरा गोठायचा. म्हणून त्या सकाळी इंटरनेटवाला आला. राउटरच्या आत काय साठलंय ते बघायला आतला पासवर्ड लागेल, म्हणाला.

"तो सांगायचा नसतो," सासरे म्हणाले.

"विसरलात असं म्हणा की," सासूबाई स्वयंपाकघरातून.

"मग रीसेट मारतो," इंटरनेटवाला म्हणाला.

"अजिबात नाही! चालत्या वस्तूला हात लावायचा नाही."

"फार काही जात नाही हो, काका. घरातल्या फोनांची यादी जाईल. त्यांना तुम्ही नावं दिली असतील तर तेवढी पुसली जातील."

सासरे क्षणभर थबकले. "असं? मग मारा रीसेट. लगेच मारा."

सुनेनं राउटर उचलून पोटाशी धरला. "थांबा हो दादा!" शिकवणी गेली खड्ड्यात. या माणसानं आपल्याला मनातल्या मनात काय म्हटलंय, ते या डबीत होतं.

"बाबा, पासवर्ड बदलला होता तुम्ही?"

"मी कशाला बदलू? आला तसा ठेवला."

"मग खाली छापलेला असेल," इंटरनेटवाला म्हणाला.

तिनं राउटर उलटा केला. खाली सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात लेबल होतं: 'राउटर. हात लावू नये.' नेमकं छापील पट्टीवर, चारही कोपरे दाबून.

"लावलेलं लेबल काढायचं नसतं," सासरे पुटपुटले.

सासूबाईंनी न मागताच केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. गरम हवेनं लेबल सैल झालं, पासवर्ड दिसला आणि लॅपटॉपवर यादी उघडली. सासूबाईंचा फोन 'मुख्यालय'. मुलाचा 'फिरतीवर'. स्वतःचा 'मी'. आणि सर्वांत खाली, सुनेचा: 'पाहुणी'.

इंटरनेटवाला उगाचच वायर पुसायला लागला.

"सहा वर्षं, बाबा?"

"राउटर आला तेव्हा तुला येऊन पंधरा दिवस झाले होते."

"आणि नंतर बदलावंसं वाटलं नाही?"

"वाटलं की. तीनदा वाटलं. पण पासवर्ड लेबलाखाली गेला होता."

सुनेला रडावं की हसावं कळेना. तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "आता बदला."

त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर पुसलं. रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. मग शोधत शोधत लिहिलं: 'घरची'.

ते लॅपटॉप मिटायला गेले, पण सुनेनं तो मिटू दिला नाही.

सासूबाईंनी वाकून वाचलं. "अहो, मग माझंही बघा की. मी काय जन्मभर कार्यालयच राहू?"

"एका दिवसात एकच नोंद बदलायची असते," सासरे म्हणाले.