वर्नाची सही

तुम्ही माझ्या मेलेल्या बायकोची सही भिंतीवर दाराएवढी मोठी करून दाखवलीत आणि चारचौघांत म्हणालात, ही तिची नाही.

तुमच्या निवडणूक कचेरीत मी उजवा हात वर करून उभा होतो. समोर एकाच टेबलाशी लाल पक्षाचा वकील आणि निळ्या पक्षाची वकीलबाई. एरवी या दोन बड्या पक्षांचे लोक एकमेकांना देशबुडवे म्हणतात. त्या दिवशी एकाच पुडीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळत होते. तिसऱ्याला मतपत्रिकेवर येऊ द्यायचं नाही, एवढ्यापुरतं त्यांचं गूळपीठ जमलं होतं.

मी एमिल होव्हानेक. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. लाल-निळ्यांच्या मधल्या त्या नव्या पक्षाला मतपत्रिकेवर जागा मिळावी म्हणून उन्हाळाभर दारोदार सह्या गोळा केल्या. सगळी दारं ओळखीची, तरी टोमणे चुकले नाहीत.

"एमिल, मधल्या सीटवर कोण बसतं रे?" शेजारच्या डॉटीने विचारलं. "ज्याला खिडकी मिळाली नाही तो!" खिदळली, आणि सही केली.

माझ्या पोरांनी नाही केली. केंटचा फोन आला, "डॅड, तुझ्या या खुळापायी निळे निवडून येतील." तासाभराने जोलीनचा, "डॅड, तुझ्या या खुळापायी लाल निवडून येतील." बहीणभावाचं चार वर्षांत एवढं एकमत झालं नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला तो दुपारी यायचा, ती संध्याकाळी. वर्ना दोनदा टेबल मांडायची, दोनदा जेवायची, आणि रात्री पोट धरून बसायची.

मधला पक्ष फार दिवे लावेल असं मलाही वाटत नव्हतं. खुर्ची मिळाली की तेही फिरतील. पण दोन्हीकडच्यांशी बोलल्यावाचून ज्याचं भागत नाही, असं एक तरी माणूस तिथं बसावं, एवढंच माझं म्हणणं.

वर्नाचा पलंग तेव्हा आजारपणामुळे पुढच्या खोलीत हलवला होता. ती म्हणाली, "आण तो कागद."

"राहू दे. हात बघ कसा थरथरतोय."

"हात थरथरतोय, डोकं नाही. या घरातला मधला पक्ष मीच आहे, एमिल, आणि एकटीच आहे. पेन दे."

पहिल्याच अक्षराला पेन निसटलं. मी तिच्या हाताखाली माझा हात धरला. अकरा दिवसांनी ती गेली.

वकीलबाईने आवाज मऊ केला. "मिस्टर होव्हानेक, सही होताना तुम्ही त्यांचा हात धरला होता का?"

आमच्या मधल्या पक्षाच्या वकिलाने टेबलाखालून माझा बूट दाबला. 'नाही' म्हटलं असतं तर खोडून काढायला कोण होतं? घरात आम्ही दोघंच होतो.

"धरला होता."

"मग पेन कोणी ढकललं?"

मी भिंतीकडे पाहिलं. 'वर्ना' वेडंवाकडं, तिचंच. 'होव्हानेक' मात्र सरळ, आणि शेवटच्या अक्षराला मी मारतो तसला फटकारा. आडनाव दोघांचं एकच.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तुम्ही तिची सही बाद केलीत. 'सह्या माझ्यासमोर ज्याच्या त्यानेच केल्या' ही प्रत्येक कागदाखालची शपथ माझी होती, म्हणून मी आणलेले सगळेच कागद बाद केलेत. डॉटीसकट तीनशे जिवंत माणसं. पक्षाला सह्या कमी पडल्या. दोन्ही वकिलांनी हात मिळवले.

तेव्हापासून हा हात पुरता माझा राहिलेला नाही. सकाळी कॉफीचा कप उचलला की मनगटावर तिचं वजन येतं. औषधाच्या दुकानात सही करताना आडनावापाशी पेन अडतं आणि खालून कोणीतरी ते पुढे ढकलतं. मी वळून बघत नाही.

मी तुम्हाला तीन पत्रं पाठवली. तुमचा छापील जवाब आला: कागद सरकारी दप्तरात जमा आहे.

तिने हातात पेन धरलं ते त्या कागदावर शेवटचं. त्यानंतर तिने काही लिहिलं नाही, किराणाची यादीसुद्धा. तुमच्या हिशेबी ती सही वर्ना होव्हानेकची नाहीच. मग ती तुमच्या काय कामाची? माझा कागद परत कधी देता? छापील नको. कोणीतरी स्वतःच्या हाताने लिहून उत्तर द्या, आणि खाली सही करा.