रांग मोडली ती सुनेने

अॅम्ब्युलन्स मागवायच्या अॅपची देखरेख थोरल्या सुनेकडे होती. काम घरात बसून, पण रुबाब सरदाराचा. अॅपचं नवीन रिलीज, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, चालू करताना बिघाड सांगणारा फोनवरचा अलार्म उगाच कोकलतो, म्हणून तेवढ्यापुरता त्याचा आवाज बंद ठेवायची त्यांच्या ऑफिसात रीतच होती. त्या दिवशी तिनेही केला. काम उरकलं, पडद्यावर सगळं हिरवंगार दिसलं आणि आवाज परत चालू करायचा राहिला. फोन गप्प, म्हणून बाई खुशीत जेवायला बसली. कुत्रं भुंकलं नाही म्हणजे चोर आलाच नाही, असं समजणाऱ्यांतली गत.

पानावरच सासरे छाती धरून खुर्चीवरून घसरले. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सुनेने अॅपवरून गाडी मागवली. ‘विनंती मिळाली’ असं उत्तर आलं, गाडी काही येईना. दवाखान्यात फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, गाड्या अॅपवरूनच सुटतात, आणि आज कुणाचं बोलावणंच नाही, ड्रायव्हर पत्ते कुटत बसलेत.

सुनेने धावत जाऊन लॅपटॉप उघडला. बोलावणी येऊन नुसती साचत होती. नवीन रिलीज एकही पुढे पाठवत नव्हतं. “अलार्म बंदच राहिला माझ्याकडून,” ती पुटपुटली. सासऱ्यांचं नाव पार तळाला. तिने जुनं रिलीज परत आणलं, तशी रांग हलू लागली. पण गाड्या मोजक्याच. आधी येईल त्याला आधी.

“वर घेता येतं का?” सासूबाईंनी विचारलं.

“येतं, आई. पण रांगेला हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

“नियम जेवायला बसण्याआधी पाळायचा होतास. आता घे वर.”

तिने घेतलं. गाडी आली, सासरे वाचले.

पुढे या घोटाळ्यावर ऑफिसची बैठक झाली. तिथे चुकणाऱ्याचं नाव घेत नाहीत. दोष पद्धतीचा, माणसाचा नाही म्हणे. जुनं रिलीज किती चटकन आणलं, म्हणून साहेबाने तिची पाठ थोपटली. रांगेबद्दल कुणी विचारलं नाही, तिनेही तोंड उघडलं नाही.

विचारलं ते सासूबाईंनी. सासरे आत झोपले होते, त्या गोळी मोडत होत्या.

“कुणाची गाडी घेतली गं आपण?”

“एक बाई होती. घरात एकटीच. तिच्याकडे उशिराने गाडी गेली तेव्हा दार उघडायला कुणी उरलं नव्हतं.”

सासूबाईंनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

“ह्यांना कळू द्यायचं नाही,” एवढंच म्हणाल्या आणि अर्धी गोळी वाटीत टाकली.