अंबादासकाकांच्या बाहीवरचा कीस

लतिका भरूचला राहायची. नर्मदा तिथे समुद्राला मिळते. नदीतून, धुळीतून, कारखान्यांतून त्या किनाऱ्याच्या पाण्यात किती लोखंड येतं, हे ती तपासत होती. नर्मदेच्या वरच्या अंगाचं पाणी हवं म्हणून दिवाळीनंतर ती जबलपूरला काकांकडे आली. अंबादासकाकांचं राइट टाउनमध्ये ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं.

"कुंडमला एकटी काहून जातेस? मी येऊन राहिलो ना," काका म्हणाले आणि कामाच्या शर्टावरच त्यांनी स्कूटर काढली. लतिकाला नाही म्हणवलं नाही.

पुढे नर्मदेला मिळणारी हिरन नदी कुंडमजवळ अजून ओढ्याएवढीच आहे. लतिका हातमोजे घालून उतरली आणि शेवाळावरून घसरली. काकांनी तिला सावरलं, तिच्या हातातली बाटली घेऊन स्वतःच भरली, झाकण लावलं. "चलो, झालं काम!" परतताना तिने शहरातल्या नाल्याचंही पाणी घेतलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "काका, कुंडमच्या पाण्यात नाल्यापेक्षा जास्त लोखंड निघालं."

"माती लाल आहे ना तिथली."

"तरी इतकं नसतं. ती बाटली तुम्ही भरली होती. तुमच्या बाहीवर ग्राइंडरचा लोखंडी कीस होता."

"म्हणजे मी बिघडवलं तुझं काम."

"तेव्हाच सांगायला हवं होतं मी. संकोच वाटला."

ती पुन्हा आली तेव्हा काका धुतलेला कुर्ता घालून निघाले आणि लांब पळसाखाली जाऊन बसले. पाणी भरून झाल्यावर दोघांनी शकुकाकूने दिलेले पराठे खाल्ले.

"हे लोखंड समुद्रात जाऊन करतं काय?" काकांनी विचारलं.

"खारं पाणी लागलं की बरंचसं गाळ होऊन खाली बसतं. थोडं पुढे जातं. त्यावर पाण्यातल्या बारीक वनस्पती वाढतात, त्या माशांच्या पोटात जातात. मातीतलं लोखंड असं कायमच येत आलंय."

"अन् आपलं?"

"तेच तर वेगळं मोजायचंय."

घरी आल्यावर काका तिला वर्कशॉपच्या मागे घेऊन गेले. जुन्या गेटांचा गंज ते तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवून काढायचे, आणि ते पाणी तिथल्याच नालीत सोडायचे. "याचंही घे," ते म्हणाले.

"काका, राहू द्या ना."

"काहून? आपल्याला कळलं तर पाहिजे."

तिने बाटली भरली. पुढे फोनवर तिने काही लपवलं नाही. "खूप आहे, काका. तेजाबही आहे."

त्याच आठवड्यात काकांनी मागे विटांचं टाकं बांधलं. ते पाणी त्यात सोडून लतिकाने सांगितल्याप्रमाणे तेजाब मारायला चुना घालू लागले. तळाशी विटकरी गाळ बसला, वरचं पाणी निवळलं. काकांनी तिला फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"पाणी तर साफ दिसून राहिलं. पण हा गाळ कुठे टाकू?"

"मलाही माहीत नाही. विचारून सांगते."

"अच्छा. तोवर ड्रमात भरून ठेवतो."