मुलांना दाखवण्याजोगं

"थांबवा. मागे घ्या जरा," कात्रीबाईंनी अंधारातच फर्मावलं.

"पुन्हा?" शेजारच्या खुर्चीतले हेडमास्तर कुरकुरले. "अहो, दार लागतं आणि आतून आवाज येतो. त्यात तिसऱ्यांदा काय बघायचंय?"

बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सिनेमे तपासायच्या त्या कचेरीत त्यांची हयात गेली होती. कुठला सिनेमा पोरांना दाखवावा आणि कुठला फक्त मोठ्यांनी बघावा, हे ठरवायचं त्यांचं काम. पडद्यावर काही वावगं दिसलं, की खुर्चीच्या हातावरची घंटी दाबायची. वरच्या खोलीतला मशीनवाला तिथं खूण करून ठेवायचा. बाईंची घंटी इतकी वाजे, की सिनेमावाल्यांनीच त्यांचं बारसं कात्रीबाई म्हणून केलं होतं. या नावाचा बाईंना राग नव्हता. उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या, खोटं कशाला बोला!

आज मात्र घंटी मुकी होती. सिनेमात एक नवरा, एक बायको आणि त्यांची लहान मुलगी. नवरा चारचौघांत गुळासारखा गोड. घरी आला की आतल्या खोलीचं दार लागायचं, काहीतरी फुटायचं, आणि बाहेर ती मुलगी कपाटात शिरून बसायची. उचललेला हात एकदाही दिसत नव्हता. आणि कचेरीचा नियम असा, की दिसेल तेवढंच धरायचं. बंद दाराला नियमात जागाच नव्हती.

दिवे लागले. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. शाळेतून निवृत्त होऊन ते इथे सदस्य म्हणून आले होते, पण बोलणं अजून फळ्यासमोरचंच.

"शिवी नाही, रक्त नाही. बारा वर्षांवरच्यांना चालेल. करा सही."

"अजिबात नाही," बाई उसळल्या. "पोरं घाबरून अर्धी होतील. फक्त मोठ्यांसाठी."

"काय दिसलं म्हणून? कारण तर लिहावं लागेल ना?"

"मास्तर, लहान जिवांना असल्या गोष्टी कळूच नयेत. बस्स, हेच कारण."

हेडमास्तर हसले. "ज्यांच्या घरी असतं त्यांना कळतंच, बाई. बाकीच्यांनाही कळू दे की थोडं."

बाईंना राग आला. उगाच वाद नको म्हणून त्या तरातरा मशीनच्या खोलीकडे निघाल्या. नातीला तिथं बसवलं होतं. शाळेला सुट्टी, आणि लेकीनं सकाळी पोरीला कचेरीच्या फाटकाशीच सोडलं होतं. "आजच्या दिवस सांभाळ गं आई," म्हणाली, पण रिक्षातून खाली उतरली नाही. तोंडाला रुमाल बांधलेला. "केवढी ही धूळ," असं बाईच आपणहून म्हणाल्या होत्या, आणि लेकीनं मान हलवली होती.

मशीनच्या खोलीत रंगाचे खडू डबीतच होते. नात भिंतीतल्या काचेला नाक लावून उभी होती.

"अहो, हिला बघू दिलंत?"

मशीनवाला ओशाळला. "मी नको म्हटलं, बाई. पण ही म्हणते, मला काही होत नाही."

बाईंनी पोरीला जवळ घेतलं. "घाबरलीस का गं, बबडे?"

"नाही. ती मुलगी वेडी आहे, आजी."

"का गं?"

"कपाटात कोण लपतं? आपण लपलो की आईला कोण सोडवणार?" नात अगदी समजूत घातल्यासारखी बोलत होती. "दार वाजवायचं आणि पाणी मागायचं. खूप तहान लागली म्हणायचं. मग बाबा थांबतात."

मशीनवाल्यानं मान खाली घातली. पडद्यावर खांद्याचा एवढासा पट्टा घसरलेला दिसला तरी घंटी दाबणारी ही बाई, आणि लेकीच्या तोंडावरचा रुमाल तिला धुळीचा वाटला होता! वाटला कसला, वाटून घेतला होता. लाज वाटली त्यांना. स्वतःच्या डोळ्यांची किळस आली.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. "बाबा आले," म्हणत नातीनं खडूंची डबी उचलली.

जावई फाटकाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. "आई, फार त्रास दिला का हो हिनं?"

"ही आज माझ्याकडे राहील," बाई म्हणाल्या.

"राहू दे की! तुमचीच नात आहे. हिची आई तेवढी एकटी पडेल, दुसरं काय."

तो अजून हसतच होता. नातीनं आजीच्या मुठीतून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"मी जाते, आजी. मी नसले की बाबा लवकर थांबत नाहीत."

जावयाचं हसू जागच्या जागी विरलं. वरच्या खिडकीतून हेडमास्तरांनी हाक मारली, "बाई, सही राहिलीय! निर्माते खोळंबलेत!" बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, नातीला आत सरकवलं आणि पदर सावरत तिच्याशेजारी जाऊन बसल्या.

"आई? तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्या घरी. माझ्या लेकीला घ्यायला."

पुढं बसून जावयानं दार धाडकन ओढून घेतलं. गाडी सुरू झाली. रस्ताभर त्याची मान ताठ होती, आणि आरशात फक्त त्याचे डोळे दिसत होते. आपल्याला नक्की काय करता येणार आहे, हे बाईंना मुळीच ठाऊक नव्हतं.

घराचं वळण आलं तशी नात त्यांच्या कानाशी लागली.

"आजी, आत गेल्यावर तू काही बोलू नकोस हं. आधी मी पाणी मागते."